सलाइनचं चाक

दुपारचं ऊन गजांतून दवाखान्याच्या फरशीवर उतरतं आहे आणि हौसाच्या पापण्यांवर झोप. ती अजून पुरती आलेली नाही; पापण्यांच्या उंबऱ्याशी उभी राहून पदर सावरते आहे. खाटेवर हौसाचा नवरा, दौलत. दोन दिवसांच्या जुलाब-उलट्यांनी पिळून निघालेला. वरच्या बाटलीतून थेंब पडतो, थांबतो, पडतो.

सिस्टर बजावून गेली आहे, "मावशी, यांचं हृदय नाजूक आहे. सलाइन हळूच जाऊ द्या. चाकाला हात लावायचा नाही."

पण बाटली संपल्याशिवाय घरी सोडणार नाहीत, आणि पाचची एसटी चुकली तर गाभण म्हैस घरी एकटी. हौसा इकडं बघते, तिकडं बघते आणि नळीवरचं चाक अंगठ्यानं वर सारते. थेंबांची धार होते. आता बाटली घटकेत रिकामी! ती डोकं भिंतीला टेकते.

भिंत मऊ होते, ओली होते, बांध होते. हौसा कांद्याच्या वाफ्यात उभी आहे. खाटही तिथंच, वाफ्याच्या मधोमध. बाटली बाभळीला टांगलेली. पाटाच्या पाण्यामागून सासू येते आहे, तीन वर्षांमागं गेलेली ठकूबाई. काष्टा खोवलेला, खांद्यावर फावडं, तोंडात गाणं :

"पाणी पाजिते रोपाला, जशी पाजिते बाळाला
थोडं थोडं गं माउली, नको ठसका गळ्याला"

"आत्याबाई, तुमी?"

"मग काय तुजी आई यील? सगळा पाट कुणी सोडला गं?"

"लवकर भिजंल म्हनून... आन् तुमीच तर दर बाजाराला सलाइन लावून घ्यायचा. ताकद येती म्हनायचा!"

ठकूबाई फावड्यावर हनुवटी टेकवते. "वर गेल्यावर कळलं बाई. अर्ध्या लिटरात चमचाभर मीठ! तेवढ्यासाठी हात टोचून घेतला आन् गावभर मिरवला."

"मग डाक्टर देत्यात कशाला?"

"गेलेलं भरायला. जुलाबात पाणी जातं, मीठबी जातं. जेवढं गेलं तेवढं, आन् सावकाश. ह्याचा पंप दमलेला, आन् तू पाट सोडलास सगळा. वाफा फुटला की पाणी कुठं जातं?"

"शेजारच्या वाफ्यात."

"दौल्याच्या शेजारचा वाफा म्हंजी छाती. सिस्टरनं कागद दिलाय न्हवं, किती प्याला, किती लघवी झाली ते लिवायला?"

"प्यालेलं लिवलंय." हौसा पदर चावते. "दुसरं... नवऱ्याचं असलं कसं लिवायचं?"

"तीस वरीस धोतरं धुतलीस, तवा न्हाई लाजलीस! भाईर किती आलं तेच ठाव न्हाई, तर आत किती ऱ्हायलं ते कसं कळायचं?"

पाणी खाटेच्या पायांना लागलं आहे. कांद्यांवरून औषधाच्या बाटल्या तरंगत जातात. ठकूबाई लेकाच्या नडगीवर अंगठा रोवते. कणकेत रुतावा तसा तो रुततो.

"बघ, पाणी साठाय लागलंय. बंद कर चाक. आत्ताच धाडू नगंस त्याला माज्याकडं. सुखाची झोप लागतीया मला तिकडं, आन् हा घोरतो."

खोकला ऐकू येतो. हौसा डोळे उघडते. दौलत कोपरावर उठून श्वास ओढतो आहे, छातीत बुडबुडे वाजताहेत. बाटली तळाला गेलेली.

ती चाक बंद करते आणि ओरडते, "सिस्टर! पळा!"

सिस्टर धावत येते, त्याला उठून बसवते, ऑक्सिजन लावते. "हे कुणी केलं?"

वारा, मांजर, शेजारच्या खाटेचा म्हातारा, सगळे हौसाच्या जिभेच्या टोकावर येतात. ती ते गिळते. "मी. एसटीसाठी."

डॉक्टर येतात, हौसाला चार शब्द सुनावतात आणि दौलतला लघवीचं इंजेक्शन देतात. अर्ध्या तासानं त्याला भांडंभर लघवी होते, धाप कमी होते. बाहेर पाचच्या एसटीचा हॉर्न वाजून जातो. हौसा उठत नाही. शेजारणीला फोनवर म्हशीचं सांगते आणि कागदावर, मान खाली घालून, भांड्याचा आकडा लिहिते.

सिस्टर चादर सारखी करताना थबकते. दौलतच्या नडगीवर अंगठ्याएवढा खड्डा आहे.

"हे कुणी दाबलं? कधी?"

"मघाशी. तुमी यायच्या आदी."

"असा खड्डा दोन-चार मिनिटांत भरतो, मावशी. अर्धा तास कसा राहील?"

हौसा खड्ड्यावरून हलकेच बोट फिरवते.

"आत्याबाईंचा हात हाय त्यो. जित्तेपणीबी असाच जड हुता."