कागदावरचं नाव

वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आणि शालिकराम त्याचा ऑपरेटर झाला. कोणत्या ट्रकमध्ये कोणता माल, हे मशीनला विचारलं की मशीन सांगे. मग लागोपाठ दोन ट्रक लुटले गेले, तेही नेमके महागड्या मालाचे. आतलंच कुणीतरी फितूर होतं. शालिकरामनं गुपचूप सोय केली: मशीनला विचारलेला प्रत्येक प्रश्न, वेळ, मशीनला जोडलेल्या ज्या टर्मिनलवरून तो विचारला त्याचा नंबर आणि विचारणाऱ्याचं नाव प्रिंटरवर उमटू लागलं.

तिसरा लुटला गेला तो ड्रायव्हर धोंडबाचा ट्रक. लुटारूंनी त्याचा जबडा फोडून त्याला नाल्यात फेकलं. धोंडबा म्हणजे शालिकरामचा जिवाभावाचा दोस्त. रागाच्या भरात शालिकराम कागद न वाचताच घेऊन ड्रायव्हरांपुढे गेला. धोंडबाचा भाऊ लहानू चाकं खोलायची लोखंडी टामी घेऊन उभा होता.

"वाच गा, कोनाचं नाव हाये?"

शालिकरामनं वाचलं. नाव त्याचंच होतं! हापिसाची रीतच तशी. सकाळी पहिला येणारा आपल्या नावानं मशीन चालू करी, मग दिवसभर सगळे त्याच नावावर काम करीत. आणि पहिला येणारा हाच शहाणा. लहानूला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, थाप सहज पचली असती. पण या गड्याला थाप मारता येईल तर ना!

"माहं," तो म्हणाला.

टामी बसली. डाव्या हाताची बोटं कडाकडा मोडली. "दोन नंबरचं टर्मिनल हाये! मी नाही गा!" तो ओरडत राहिला, लाथा बसत राहिल्या.

आठवड्यानं धोंडबानं फुटक्या जबड्यातून कसंबसं सांगितलं, की कागदावरच्या त्या वेळी ट्रक भरत होता आणि शालिकराम माझ्यासोबत जेवत होता. दोन नंबरवर बसे कारकून भैय्याजी. लहानू तसाच त्याच्यावर धावला.

"नंबर टर्मिनलचा हाये, मानसाचा नाही! तिथं कोनीही बसते!" शालिकराम मध्ये पडला. ऐकतो कोण? भैय्याजीचं डोकं फुटलं.

भैय्याजी दवाखान्यात बेशुद्ध असतानाच चौथा ट्रक लुटला गेला.

या वेळी कागदावर एक नंबरचं टर्मिनल होतं. तिथं टायपिस्ट पंचफुला बसे, दोन लेकरांची विधवा. लहानू टामी घेऊन दारात हजर.

"वाच गा. काहून वाचून नाही राहिला?"

शालिकरामनं कागद दातांत धरून फाडला आणि तुकडे तोंडात कोंबले. टामी वर गेली. त्यानं धड हात डोक्यावर घेतला आणि तो चावत राहिला.