शंभर नंबरचं अंडं

मोजणीबाई खरं बोलायच्या आणि तिथंच फसायच्या. कुणी विचारलं, "तुम्ही करता काय?" की त्या सरळ सांगायच्या, "पक्षी मोजते." समोरचा आधी हसायचा आणि मग गंभीर होऊन विचारायचा, "ते झालंच हो, पण नोकरी कुठं?" नेमणुकीच्या पत्रावर 'हंगामी समुद्रपक्षी निरीक्षण संशोधक' असं भारदस्त नाव होतं, पण त्यातला पहिलाच शब्द घात करायचा. "हंगामी म्हणजे? सर्दीसारखं?" असं त्यांच्या भाऊजींनी पहिल्या वर्षी विचारलं होतं. सहा वर्षं झाली, तरी भाऊजींना हा विनोद अजून ताजा वाटत होता.

हे भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. राखीव किनारा त्यांच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, म्हणून वर्षातले चार महिने मोजणीबाईंचा मुक्काम ताईच्या मागच्या खोलीत. उरलेले आठ महिने त्या आपल्या गावी शिकवण्या घ्यायच्या. मागच्या खोलीत एक कॉट, एक इस्त्रीचं टेबल आणि भाऊजींच्या मिटलेल्या छत्र्या. किनाऱ्यावर येणाऱ्यांना छत्र्या आणि खुर्च्या भाड्यानं देणं हा भाऊजींचा धंदा. त्यामुळे घरात दोन पक्ष होते. एकाला किनाऱ्यावर माणसं हवी होती, दुसऱ्याला नको होती, आणि दोघांना जेवायला वाढणारी ताई एकच होती.

किनाऱ्याच्या टोकाला वाळूचा लांबट दांडा समुद्रात गेलेला. तिथं दर हंगामात सुरय पक्षी अंडी घालायला यायचे. काळी टोपी, पांढरं अंग, चिमटीएवढी चोच आणि घरभर पुरेल एवढा राग. घरटं म्हणायचं ते नावाला. पोटानं वाळू घासून केलेला खळगा, त्यात एक किंवा दोन ठिपक्याठिपक्यांची अंडी. माणूस जवळून गेला की पक्षी उठतो, आणि तासभर उठलेला राहिला तर अंडी उन्हात शिजतात. म्हणून दांड्याला दोरी बांधलेली असायची. पण या वर्षी कार्यालयानं नवा नियम काढला. ठरलेल्या तारखेपर्यंत दांड्यावर किमान शंभर जोड्या बसलेल्या दिसल्या तर दोरी हंगामभर राहील. एक जरी कमी भरली, तर दोरी काढून दांडा लोकांना खुला. भाऊजींनी साठ नव्या खुर्च्या सांगूनही ठेवल्या होत्या.

मोजायची पद्धत साधी होती. प्रत्येक घरट्याशेजारी नंबराची खूण ठेवायची, म्हणजे एकच घरटं दोनदा मोजलं जात नाही. खुणेच्या लाकडी खुंट्या कार्यालयाकडून यायच्या, आणि या वर्षी आल्या नाहीत. मग मोजणीबाईंनी किनाऱ्यावरचे गुळगुळीत गोटे वेचले आणि ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांच्यावर एकपासून एकशेवीसपर्यंत आकडे रंगवले. भडक रंगाला कावळे येतात, म्हणून रंग घेतला मातकट तपकिरी. डोकं चालवलं याचा त्यांना अभिमानही वाटला.

खुणा ठेवायला जाताना त्या टोपीला ताईची लांब पळी उभी बांधायच्या. सुरय सगळ्यात उंच दिसेल त्यावर चोच मारतात, त्यामुळे मार पळीला बसायचा आणि डोकं वाचायचं. "माझी पळी कुठंय?" असं ताई ओरडली की ओळखायचं, आज घरट्यांची फेरी आहे.

तारखेच्या आदल्या सकाळी नव्व्याण्णव झाली होती. मोजणीबाई फळ्यांच्या आडोशात दुर्बिणीला डोळा लावून बसल्या. पायांना मुंग्या आल्या. अकरा वाजता त्यांना दांड्याच्या अगदी टोकाशी, जिथं काल काही नव्हतं, तिथं एक पक्षीण बसलेली दिसली. अंग फुगवून, शेपटी वर करून, ऐटीत. मोजणीबाई आडोशातच एकदा नाचल्या आणि फळीला डोकं आपटून घेतलं. शंभर!

पळी बांधून, पिशवी घेऊन त्या निघाल्या. नव्या घरट्याशी पोचल्या आणि पिशवीत शंभर नंबरचा गोटा शोधू लागल्या. एकशेएक होता, एकशेदोन होता. शंभर नव्हता. तेवढ्यात पक्षीण किंचाळत उठली आणि पळीवर तुटून पडली. मोजणीबाईंनी खाली पाहिलं. खळग्यात एकच अंडं होतं. मातकट, गुळगुळीत, तपकिरी नक्षीचं. नक्षी नीट पाहिली तर ती त्यांच्याच अक्षरातली होती. १००.

मागच्या फेरीत पिशवीतून पडला असणार. त्या वाळूतच बसल्या. हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

दुपारी जेवताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. ताईचा घास हातातच राहिला. "अगं, मग गप्प बस की. तुझ्याशिवाय कोण बघणारे?"

"बघतंय कोण याचा प्रश्न नाही, ताई. मी पाहिलंय ना."

भाऊजी पहिल्यांदाच विनोद न करता बोलले. "म्हणजे नव्व्याण्णव." मग जरा घुटमळून म्हणाले, "एकानं काय होतं म्हणा." पण खुर्च्यांची ऑर्डर काही त्यांनी रद्द केली नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीवर सही करायला कार्यालयातले साहेब आले. हा माणूस शब्दांचा भारी कडक. 'सुमारे' लिहिलं की अहवाल परत, 'बहुधा' लिहिलं की अहवाल परत. मोजणीबाईंनी पळी पुढं केली, तर म्हणाले, "आम्ही पळ्या बांधत नसतो." आडोशापर्यंत पोचेस्तोवर टकलावर तीन टोचे आणि खांद्यावर एक पांढरा ओघळ घेऊन ते आत आले आणि रुमालानं पुसत बसले.

मोजणीबाईंनी कागद पुढं केला. बसलेल्या जोड्या: शंभर. खाली शेरा: पैकी एक जोडी निरीक्षकाच्या हातून पडलेल्या दगडावर. दोरीच नव्हे, त्यांच्या नोकरीचे पुढचे सगळे हंगाम त्या एका ओळीवर लटकले होते.

साहेबांनी शेरा दोनदा वाचला आणि दुर्बिणीला डोळा लावला. समोर नर चोचीत मासा घेऊन आला. पक्षिणीनं तो घेतला, उठली, आणि नर घाईघाईनं त्या दगडावर बसला. पोट हलवून हलवून त्यानं दगड नीट मधोमध घेतला.

"पाळी बदलतात?" साहेबांनी विचारलं.

"दिवसभर. एक मिनिट मोकळा ठेवत नाहीत."

साहेबांनी खिशातून नियमाचा कागद काढला. "'बसलेल्या जोड्या.' कशावर बसलेल्या, ते इथं नाही."

"पण साहेब, तो दगड आहे."

"असेल. नियमात विचारलेलं नाही. आणि शेरा खोडू नका, तो खरा आहे." त्यांनी सही ठोकली आणि जाताना पळी मागून घेतली.

दोरी राहिली. भाऊजींनी दोन दिवस अबोला धरला आणि खुर्च्या दुसऱ्या किनाऱ्यावर नेल्या. तिथं धंदा बरा झाला, हे त्यांनी कबूल केलं नाही.

तीन आठवड्यांत दांडा पिल्लांनी किलबिलून गेला. शंभर नंबरवर मात्र दोघं बसूनच होती. शेजारची पिल्लं त्यांच्या अंगाशी येऊन मासे मागायची, आणि ही दोघं मान वळवून पुन्हा दगडावर बसायची. मोजणीबाईंना ते बघवेना. पाचव्या आठवड्यात त्या गेल्या, नर किंचाळत असतानाच त्यांनी दगड उचलला. तो गरम होता. पिल्लू असतं तर जेवढा गरम लागला असता, तेवढाच. त्या वाटेतच रडल्या. आपल्या गबाळेपणापायी दोन जिवांचा अख्खा हंगाम गेला, ही बोचणी काही केल्या जाईना.

शेवटच्या अहवालात त्यांनी लिहिलं: एकसष्ट घरट्यांतली पिल्लं उडाली. घरटे क्रमांक शंभर: निरीक्षकाच्या चुकीमुळे जोडीचा हंगाम वाया.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. "अहवाल वाचला. शेवटचा शब्द चुकीचाय."

"कुठला?"

"वाया. एकसष्ट घरट्यांची पिल्लं कशामुळे उडाली?"

"दोरी होती म्हणून."

"दोरी कुणामुळे राहिली?"

"तुमच्या सहीमुळे, साहेब."

"मी नव्व्याण्णववर सही केली नसती," साहेब म्हणाले. "ती दोघं बसली म्हणून राहिली. दुसरा शब्द लिहा."

मोजणीबाईंनी तो शब्द खोडला. दुपारभर त्या पेन धरून बसल्या, पण दुसरा शब्द काही सुचला नाही. शेवटी जागा रिकामी ठेवूनच त्यांनी अहवाल पाठवला, आणि साहेबांनी तो परत पाठवला नाही.