कारण न लिहिलेली चिठ्ठी

आफरीन चार दिवस शाळेत का आली नाही, हे मला शुक्रवारी मधल्या सुट्टीत कळलं. तिचा फॉर्म भरायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती.

मी शेवगाव तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये एकोणीस वर्षं गणित शिकवते. फॉर्म होता आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा. ही परीक्षा आठवीतच देता येते, हुकली की हुकली. पास झालं की बारावीपर्यंत सरकारी आधार मिळतो, आणि घरच्यांना "आता बास झालं शिक्षण" म्हणायला तोंड राहत नाही. माझ्या लेखी ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची. वर्गात पस्तीस मुलं. त्यात आफरीन अशी, की मी खडू खाली ठेवायच्या आत तिचं उत्तर तयार. वर माझ्याच चुका काढायची. "मॅडम, तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह राहिलं." लई आगाऊ! मला भारी आवडायची.

फॉर्मला वडिलांची सही लागते. म्हणून सोमवारी मी तिच्याबरोबर घरी चिठ्ठी पाठवली. आमच्या शाळेत त्यासाठी छापील पॅड आहे. वर एक वाक्य, 'पालकांनी त्वरित शाळेत येऊन भेटावे.' खाली कारणांचे चार चौकोन: गैरहजेरी, अभ्यास अपूर्ण, गैरवर्तन, गणवेश नाही. पाचवा नाही. माझं कारण कुठंच बसेना. तेवढ्यात घंटा झाली. मी चौकोन तसेच रिकामे सोडले, सही ठोकली आणि तिला म्हणाले, "घरी दे. घाबरू नकोस, चांगलं काम आहे."

मंगळवार-बुधवार मी ट्रेनिंगला. गुरुवारी ती दिसली नाही, मला वाटलं ताप-बीप असेल. शुक्रवारी तिच्या शेजारी राहणाऱ्या पूजाला विचारलं.

"ती राहुरीला गेली, मॅडम. आत्याकडं. आता येनार न्हाई."

"का गं?"

"तुमची चिठ्ठी गेल्ती ना घरी."

मी सहीचा फॉर्म पर्समध्ये टाकला. स्कूटी काढली आणि थेट तिचं घर गाठलं. तिचे वडील युनूसभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. मोटारीत तांब्याची तार भरत बसले होते. मला बघून उठले, पण नजर वर केली नाही.

"म्याडम, जे काय आसंल ते झालं. पोरीला पाठवून दिली. आता गावात बोभाटा नका करू."

"कशाचा बोभाटा?"

त्यांनी फळीवरच्या डब्याखालून चिठ्ठी काढली. "चार चौकोन हायेत. एकावर बी टिक न्हाई. पोरीची जात, तेरा वर्षाची. लिहिन्यासारखं नसंल, म्हनून तुमी लिहिलं न्हाई. एवढं समजतं आमाला."

तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, परीक्षेला बसवायचं होतं तिला! वर्गात पहिली आहे तुमची पोरगी! काय काय मनात आणता तुम्ही?"

आतून तिची आई, शबानाभाभी, दारात आली. "ती बी तेच म्हनत हुती, मॅडम बोलल्या चांगलं हाय. मी म्हनलं, चांगल्यासाठी शाळा कधी बोलावती का? खोटं बोलती म्हनून मारलं तिला. दप्तर उपडं करून बघितलं, कुना पोराचा नंबर सापडतो का." आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

मी तोंडाला येईल ते बोलले. एक फोन करता आला नाही का, शाळा काय चंद्रावर आहे का, सरळ येऊन विचारायला काय झालं होतं. युनूसभाईंनी ऐकून घेतलं. मग हातातली तार खाली ठेवली.

"माझ्या बापाला एकदाच शाळेत बोलावलं हुतं. हापिसात सगळ्यांसमोर उभा करून झापला. त्यानं घरी येऊन माझं दप्तर माळ्यावर फेकलं. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर. तुमच्या हापिसात मानसं कशी उभी ऱ्हात्यात, तुमी रोज बघता की."

बघते की. ऑफिसमध्ये दाराशी तीन खुर्च्या आहेत, त्यांवर पालक बसलेला मी पाहिलेला नाही. आणि कोणाच्या आईबापाला कौतुक सांगायला मी कधी बोलावलं होतं? आठवून बघितलं. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. माझी मलाच लाज वाटली, आणि राग काही कमी होईना.

सही झाली. फॉर्मला आफरीनचा फोटो हवा होता, ईदचा एक शबानाभाभीच्या मोबाईलवर होता, तो घेतला. पावणेतीनला मी शाळेच्या कॉम्प्युटरसमोर. माहिती भरली, आणि ओटीपी मागितला. ओटीपी म्हणजे फॉर्म पुढे जायला मोबाईलवर येणारा आकडा. तो येतो हेडसरांच्या फोनवर. हेडसर तालुक्याला मीटिंगला. मीटिंगमध्ये फोन बंद ठेवायचा, असा वरून हुकूम. विषय काय? 'शालेय कामकाजात पालकांचा सहभाग'. कप्पाळ माझं!

शिपायाला मोटरसायकलवर पिटाळलं, त्याला हॉलच्या दारातच अडवलं. मी फोन लावतच राहिले. सहा वाजता स्क्रीनवर आलं, मुदत संपली. सहा-दहाला हेडसरांचा फोन.

"मॅडम, एवढे मिस्ड कॉल? काय झालं?"

काय सांगणार, डोंबल!

शनिवारी ऑफिसमध्ये कडाक्याचं भांडण झालं. हेडसर म्हणाले, "कारण लिहायचं होतं ना तुम्ही." ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मी म्हटलं, "लिहायला जागा कुठंय? चार गुन्ह्यांचे चार चौकोन छापलेत. पोलीस ठाणं आहे का हे?" तर म्हणतात, "पाचशे छापलेत मॅडम. संपेपर्यंत तेच वापरावे लागतील." हात टेकले मी.

रविवारी युनूसभाई राहुरीला जाऊन आफरीनला घेऊन आले. सोमवारी ती बाकावर होती. तास संपल्यावर जवळ आली.

"मॅडम, फॉर्म?"

"नाही भरता आला. चूक माझी आहे."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं, चांगलंय म्हणून." मग कितीतरी दिवस तिनं फळ्यावरची माझी एकही चूक काढली नाही. मी दोनदा मुद्दाम चूक करून पाहिली. पोरगी वहीत खाली मान घालून बसली.

पालक शाळेत फिरकत नाहीत, अशी ओरड आम्ही शिक्षक बारा महिने करतो. बोलावतो कशाला, हा विषय मात्र कोणी काढत नाही. आता मी तेच पॅड वापरते, फक्त पाठीमागच्या कोऱ्या बाजूनं. पुढचे चौकोन आडवी रेघ मारून खोडते. जानेवारीत आफरीनच्या हातात अशीच एक दिली. मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आफरीनला गणितात वर्गात सर्वांत जास्त मार्क. कौतुक करायला या.'

दुसऱ्या दिवशी युनूसभाई आले. दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून. ऑफिसच्या दाराशी उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली. बसले नाहीत. चिठ्ठी दोन्ही हातांत धरली होती. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले,

"म्याडम, लिहिलंय ते वाचलं. पन आता खरं सांगा. पोरीनं केलंय काय?"