मार्लिसच्या डोक्यावरची शिंगं

मार्लिस ट्वेटच्या डोक्यावर शिंगं चढली ती हिवाळ्याच्या तोंडाशी. शिकाऱ्यांची नारिंगी टोपी आणि तिला दोन्ही अंगांनी शिवलेली हरणाची खरीखुरी शिंगं. आमच्या उत्तर मिनेसोटातल्या कारखान्यात चाकांवरच्या खोपट्या बनतात. गोठलेल्या तळ्यावर न्यायच्या, हातानं फिरवायच्या रहाटानं खाली बर्फावर टेकवायच्या आणि आत शेगडी पेटवून बर्फाला पाडलेल्या भोकातनं मासे धरत बसायचं. तिथल्या डिझाइन खात्याची रीतच होती, बैठकीत कुणी शंका काढली आणि ती पोकळ निघाली, की टोपी त्याच्या डोक्यावर. बैठकीत घालायची, कँटीनमध्ये घालायची. उतरायची ती दुसऱ्या कुणाची शंका पोकळ ठरली तरच.

मार्लिस म्हणाली होती, बिजागऱ्या थंडीत चिरतील. चिरल्या नाहीत.

"शिंगवाल्या बाई, दारातनं जरा वाकून या," साहेब गार्थ रोज म्हणायचा. "नाहीतर चौकट न्याल सोबत."

सगळे हसायचे. मार्लिसही हसायची. वीस वर्षांची नोकरी, हाताखाली शिकलेली पोरं आता तिच्या शिंगांवर टिश्यूचे गोळे फेकायची. उन्हाळ्यात खात्याचं प्रमुखपद रिकामं होणार होतं आणि त्यावर हक्क तिचाच होता. पण शिंगं घातलेल्या बाईला प्रमुख कोण करतंय?

अशात नवा रहाट तिच्याकडं तपासायला आला. दांडा फिरवून खोपटी उतरवायची, हात थांबला की एक खिट्टी चाकाच्या दातांत बसून वजन धरते. मार्लिसनं तो चाचणीच्या थंड खोलीत रात्रभर ठेवला. सकाळी ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. खिट्टी दातांत बसलीच नाही, दांडा मोकाट उलटा फिरला. तिनं पुन्हा ठेवला, तर बसली. पुन्हा, तर बसली नाही.

बोलावं का? गार्थसमोर नेलं आणि नेमकी तेव्हाच खिट्टी बसली तर? टोपी वर्षभर उतरायची नाही. तिनं ग्रीस पुसलं आणि घरी गेली.

पुढच्या बैठकीत डेलमार क्लूग उभा राहिला. विनोना गावाकडनं नुकताच आलेला, खाली मान घालून बोलणारा माणूस.

"मला वाटतं, कडाक्याच्या थंडीत खिट्टी अडकेल. दांडा सुटला तर समोरच्याचं थोबाड फोडेल."

"वाटतं?" गार्थ खुर्चीत रेलला. "तुझ्या वाटण्यावर माल अडवू होय रे? मार्लिस, तू थंड खोलीत घातला होतास ना? घसरली का खिट्टी?"

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा शिंगांवर. डेलमारचीही, आणि ती नजर आशेनं बघत होती.

"नाही," मार्लिस म्हणाली. "एकदाही नाही."

खोलीभर टेबलं बडवली गेली. गार्थनं स्वतः उठून टोपी काढली. मार्लिसच्या कपाळावर शिवणीचा लाल वळ उमटला होता. डेलमारचं डोकं मोठं, टोपी त्याला बसेना. दोघांनी दाबून बसवली.

"आणि शनिवारी तळ्यावर गिऱ्हाइकांसमोर दांडा तूच फिरवायचा," गार्थ म्हणाला. "शिंगांसकट. म्हणजे भीती जाईल तुझी."

शनिवारी थुंकी जमिनीवर पडेपर्यंत गोठावी अशी थंडी होती. गिऱ्हाइकं कॉफीचे पेले धरून हसत उभी. डेलमारनं खोपटी अर्धी उतरवली आणि हात थांबवला. खिट्टी बसली नाही. खोपटीच्या सगळ्या वजनानिशी दांडा उलटा फिरला आणि त्याच्या जबड्यावर बसला. आवाज गाडीचं दार आपटल्यासारखा. त्याचे दात बर्फावर पडले. कुणीतरी ते उचलून कॉफीच्या पेल्यात गोळा केले.

त्यानंतर टोपी गेली. बाहेरून एक सल्लागार बाई आली, सगळ्यांना गोलात बसवून बोलली. भिंतीवर पाटी लागली, 'इथे मोकळेपणाने बोला'. ग्रीस बदललं. उन्हाळ्यात मार्लिस प्रमुख झाली.

डेलमार पानगळीत परतला. जबडा एका अंगाला सरकलेला. बोलणं तोंडातच घोळल्यासारखं, लाळ पुसत पुसत. पहिल्याच बैठकीत गार्थनं मायेनं विचारलं, "डेलमार, नव्या रहाटाबद्दल काही शंका? बोल बाबा, आता कुणी हसत नाही."

डेलमार शेजारी बसलेल्या मार्लिसकडं वळला आणि सावकाश काहीतरी म्हणाला. कुणाला कळलं नाही. मार्लिसला शब्द न् शब्द कळला. तो म्हणाला होता, "तुला ठाऊक होतं."

"काय म्हणतोय गं?" गार्थनं विचारलं.

मार्लिसनं डेलमारच्या हातावर हात ठेवला.

"म्हणतोय, आता सगळं ठीक आहे."

डेलमारनं टेबलावरचं पेन उचललं. मग भोवताली बघितलं. सगळे त्याच्याकडं बघून प्रेमानं माना डोलावत होते. त्यानं पेन खाली ठेवलं आणि रुमालानं हनुवटी पुसली.

"छान," गार्थ म्हणाला. "पुढचा विषय घ्या."