न निघालेल्या अंकाचं पान

दिगंबर गेल्याचं मला लोहाऱ्याच्या बसस्टँडवर कळलं. सोलापूरच्या दवाखान्यातून त्याच्या मुलाचा फोन आला, दोन वाक्यं बोलून बंद झाला. मी बाकावर बसून मोबाइलवरच निधनवार्ता लिहिली आणि ज्या दैनिकाला बातम्या देतो, तिथं पाठवली. तिच्यात एक वाक्य होतं : ‘स्वतःच्या जावयाविरुद्धची बातमीही त्यांनी स्वतःच्या हातानं जुळवली होती.’ ते वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. अपुरं वाक्य छापून गेलं की दुरुस्ती द्यावी लागते. म्हणून हा मजकूर.

आमचं छोटं साप्ताहिक होतं. बातम्या मी लिहायचो, अक्षरं जुळवून पानं दिगंबर लावायचा. तहसीलसमोरच्या गल्लीत त्याचं दुकान. लग्नपत्रिका, अर्ज, दुकानांच्या पाट्यांचा मजकूर असली कामं तिथं चालत. साप्ताहिकाचा कॉम्प्युटर माझा, पण राहायचा त्याच्याकडं. तयार पान बटर पेपरवर काढायचं, गुंडाळी करायची आणि छपाईसाठी सोलापूरच्या एसटीनं पाठवायची. माझी हातानं लिहिलेली कॉपी घेतली की तो चष्मा वर करायचा. “भाई, ही बातमी हाय का मुंगळ्यांचा मोर्चा?”

आमचा मराठी फाँट जुन्या पद्धतीचा होता. तो चालायला काडेपेटीएवढा एक डोंगल प्रिंटरच्या पोर्टला लावून ठेवावा लागे. डोंगल निघाला की एकही पान उघडत नसे. तो विकणारे केव्हाच धंदा गुंडाळून गेले होते, त्यामुळं आम्हाला मशीन बदलता येत नव्हतं, डागडुजीच करावी लागे. त्या मशीनला दिगंबर ‘डबा’ म्हणायचा.

साप्ताहिकाच्या शेवटच्या वर्षी डबा फारच रखडू लागला. दिगंबरनं रॅम वाढवली, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली. मशीनच्या मुख्य बोर्डाला ती दिसेना. मग बायोस अपडेट करावा लागला. मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा आणि कुठला भाग चालू, कुठला बंद हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. तो भरताना लाईट गेली तर बोर्डच मरतं, म्हणून शेजारच्या मेडिकलवाल्याच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली होती. पडद्यावरची पट्टी पुढं सरकेपर्यंत दिगंबरनं कुणाला पंख्याचं बटणही दाबू दिलं नाही. काम झाल्यावर त्यानं डब्यावर हात ठेवला. “बायपास झालं भाई. पेशंट चहा मागतोय.” पानं भराभर उघडू लागली. ही नोंद महत्त्वाची आहे : बायोस बदलल्यानंतर डोंगल चालत होता.

त्याच आठवड्यात माझ्याकडं एका वसतिगृहाची बातमी होती. पोरांचं धान्य बाहेर विकलं जात होतं. तिथं स्वयंपाक करणाऱ्या रुक्मिणबाई बोलायला तयार झाल्या होत्या. “नाव घाला साहेब. बिननावाचं समदे खोटं म्हणतेत.” वसतिगृहाचा अधीक्षक दिगंबरचा जावई होता, पोरीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. कॉपी देण्याआधी मी दिगंबरला हे सांगितलं.

“छाप की,” तो म्हणाला. “जावई हाय म्हणून हात थरथरतेत व्हय माझे?”

त्यानं बातमी जुळवली. पहिल्या पानावर, चौकटीत.

अंक पाठवायच्या दिवशी डबा सुरू झाला, पण फाँट उघडेना. “बायोसनं पोर्ट खाल्लं भाई. डोंगल दिसंना.” जुना बायोस परत भर, असं मी म्हणालो. भरून बघितला, उपयोग झाला नाही, असं त्यानं सांगितलं. उमरग्याला कुणाला दाखवू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “म्हंजी माझ्यावर इश्वास न्हाय.” मी कुठलीही बातमी दोन ठिकाणी विचारल्याशिवाय देत नसे. हे एकाच ठिकाणी विचारलं.

दुसरीकडं नव्यानं पान लावून घेईपर्यंत आठवडा गेला. तोवर कोठीघर भरलेलं होतं, कागद जुळलेले होते आणि रुक्मिणबाईंना कामावरून काढलेलं होतं. आता त्यांचं म्हणणं ‘काढून टाकलेल्या बाईचा राग’ ठरत होतं. बातमी उभी राहिली नाही आणि पुढं साप्ताहिकही बंद पडलं. रुक्मिणबाई घरी आल्या, चपला काढून दारातच उभ्या राहिल्या. “पेपरात आलं न्हाय, साहेब?” मशीन बंद पडल्याचं मी सांगितलं. “आमचीच येळ बघून?” एवढंच म्हणून त्या गेल्या. नंतर त्या ऊसतोडीला गेल्याचं कळलं.

दिगंबर मात्र येत राहिला. ईदला, दसऱ्याला, अधूनमधून नुसत्या चहाला. दुकानातला तो बंद डबा त्यानं मोडीत दिला नाही. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचा. मला ती निष्ठा वाटायची. नव्या वार्ताहरांना मी त्याचं उदाहरण द्यायचो : जावयाची बातमी जुळवणारा माणूस. दोन वेळा तो समोरच बसला होता. बशीत चहा ओतून घेत म्हणाला, “ऱ्हाऊ दे रे भाई.” मला तो विनय वाटला.

दिगंबर जाऊन महिना झाल्यावर त्याच्या बायकोनं, वहिनींनी, दुकान रिकामं केलं आणि डबा जीपनं माझ्याकडं पाठवला. “तुमची वस्तू हाय. ह्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाय.” माझी मुलगी नाझमा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते, ती घरी आली होती. तिनं डबा सुरू केला, बायोसची सेटिंग उघडली. पासवर्ड टाकलेला होता. त्याच्याशिवाय बघता येत होतं, बदलता येत नव्हतं.

“अब्बा, पोर्ट जळालेलं नाही. इथून बंद केलंय.”

“अपडेटनं झालं असेल.”

तिनं बोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढला, थोड्या वेळानं परत बसवला. पासवर्ड गेला, सगळं मूळ सेटिंगवर आलं. मूळ सेटिंगमध्ये पोर्ट चालू होतं. “अपडेट पासवर्ड टाकत नाही, अब्बा,” ती हळू आवाजात म्हणाली.

दुसरं ठिकाण बाकी होतं. मी वहिनींना फोन केला. पोर्ट दिगंबरनंच बंद केलं होतं का, असं विचारलं.

“पोरगी ह्यांच्या पाया पडली होती भाई. तुम्हाला सांगतो, सांगतो म्हणत ऱ्हायले.”

पोरगी पाया पडली, हे मला समजतं. ‘थांबव’ म्हणाला असता तर मी थांबवलं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण मग आमचं भांडण झालं असतं, आणि ते आम्हा दोघांतच राहिलं असतं. त्यानं ‘छाप’ म्हणून माझी शाबासकी घेतली, एक कळ बंद केली, वर कुलूप लावलं आणि माझ्या घरी चहा पीत राहिला. त्याची किंमत रुक्मिणबाईंनी मोजली. माझ्या निधनवार्तेत त्यांचं नाव नव्हतं.

फाँट आता चालतो. ते पान उघडलं. चौकट जागेवर आहे, रुक्मिणबाईंचं नाव ठळक अक्षरात आहे, तळाशी ‘अक्षरजुळणी : दिगंबर’ आहे. एकही चूक सापडली नाही. मी त्याची प्रत काढून ठेवली आहे. ऊसतोडीची माणसं गावी परतली की ती रुक्मिणबाईंना नेऊन देणार आहे. मशीन बंद पडलं नव्हतं, हेही त्यांना सांगायचं आहे.

डबा माझ्या टेबलाखाली आहे. पॉवरच्या बटणाभोवती कुंकवाचे थर वाळून घट्ट झालेत, दर दसऱ्याचा एक. नाझमानं पुण्याला निघताना ओलं फडकं आणलं. “पुसू का, अब्बा?”

मी ‘राहू दे’ म्हणालो. तो पुरावा आहे.