मंगल कार्यालयापाशी उभी असलेली बाई

आबा सकाळी घरातून निघाले, ते दुपारपर्यंत परतलेच नाहीत. वर्षभरात माझ्या वडिलांचा विसरभोळेपणा फार वाढला होता. धुळ्याच्या कडेची आमची कॉलनी मी मोटारसायकलवर गल्लीन् गल्ली पालथी घातली. शेवटी ते मंगल कार्यालयाच्या भिंतीलगत सापडले, भरताची वांगी विकणाऱ्या एका बाईच्या हातगाडीपाशी.

त्या बाईला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आपलं स्टूल तिनं आबांना दिलं होतं आणि स्वतः उन्हात उभी होती. आबा बोट दाखवतील तिकडे ती डोळ्यांवर हात धरून वळून बघायची. पेट्रोल पंपाच्या जागी विहीर होती, कार्यालयाच्या जागी कपाशी उभी असायची, आबा सांगत होते. ती मनापासून "हाव, आबा" म्हणत होती. आलेल्या गिऱ्हाइकालाही तिनं हातानंच थांबवलं.

"सकाळपासून शोधतोय, ताई. आबा हरवले होते," मी म्हणालो.

"हरपनात कोठे?" ती हसली. "मी आठे नवी शे. त्या ते माले बठ्ठं गाव दखाडी राहिनात."

ती इथं नवीन होती आणि आबा तिला सगळं गाव दाखवत होते, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आबांनी माझा हात धरला आणि तिला म्हणाले, "हाऊ मना पोऱ्या. हाऊ जलमना तवय आठे आमनं एकच घर व्हतं."

तिनं मला नीट निरखून पाहिलं. मी गाडी स्टँडला लावली आणि आबांच्या पायाशी बसलो. त्यांचं अजून रेल्वे फाटकापलीकडचं सांगायचं राहिलं होतं.