माझं फिनिश आणि हेडमास्तरांची पुरणपोळी

माझं फिनिश उत्तम आहे. फक्त फिनलंडच्या माणसांसमोर ते चालत नाही.

ते मी शिकलो बहिणीसाठी. धाकटी मीनल तेव्हा क्राइस्टचर्चला, हॉर्नबीत राहायची आणि तिच्याच कंपनीतल्या युक्का नावाच्या फिनिश इंजिनियरशी तिचं जमलं होतं. आई-बाबा पुण्यात, त्यामुळे न्यूझीलंडपुरती वडीलकी माझ्याकडे! युक्काला आई नव्हती. वडील फिनलंडहून त्याला भेटायला येणार होते. शाळेचे निवृत्त हेडमास्तर, इंग्रजी जेमतेम.

"दादा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही," मीनलनं फोनवर सांगितलं. "तू फक्त त्यांना जेवायला बोलाव. बाकी काही करू नकोस."

बाकी काही करू नकोस असं कुणी म्हटलं की माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. आमच्या ऑफिसात टीना नावाची फिनिश मुलगी होती. तिला गाठून म्हटलं, "पुस्तकी फिनिश नको. तुम्ही मित्रमैत्रिणी आपसात बोलता ना, ते शिकव."

"स्वीट ॲज," टीना म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत "चालेल की!" "कुणाशी बोलायचंय?"

"आहेत, घरचेच आहेत," मी म्हणालो. (इथे मी थोडा तपशील दिला असता तर बरं झालं असतं.)

रोज लंचला शिकवणी, आणि संध्याकाळी हेन्डरसन उपनगरातल्या माझ्या घरी येताना गाडीत पाठांतर! सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक काच वर करून घ्यायचे. बायको म्हणाली, "प्रसाद, शाळेत संस्कृत इतकं घोकलं असतंस तर आज कुठे असतास!"

ठरल्या रविवारी मीनल-युक्काबरोबर विमानानं येऊन हेडमास्तर आमच्या दारात उभे राहिले. उंच, ताठ, पांढरेशुभ्र केस. कुणी न सांगता त्यांनी बूट बाहेर काढले आणि मला भरून आलं. आपलाच माणूस! मी पुढे झालो आणि दणदणीत आवाजात म्हणालो,

"मोरो! मितॅ ॲइयॅ!"

याचा अर्थ साधारण "काय रे म्हाताऱ्या, काय म्हणतोस?" असा आहे. तिथली पोरं एकमेकांना प्रेमानं असं म्हणतात. हेडमास्तरांना मात्र हे आयुष्यात कुणी म्हटलं नसावं. युक्काचे कान लाल झाले. हेडमास्तरांनी हात मिळवला आणि ते सोफ्यावर जाऊन बसले.

पुढे ते काहीच बोलले नाहीत. हवा नाही, प्रवास नाही, क्रिकेट तर नाहीच! आमच्याकडे पाहुणा पाच मिनिटं गप्प बसला तर आम्ही त्याला डॉक्टरकडे नेऊ. मी स्वयंपाकघरात धावलो.

"ते चिडलेत," मी मीनलला म्हणालो.

"ते असेच असतात, दादा. मजेत आहेत."

"तोंड बघितलंस का? हे मजेतलं तोंड आहे?" माझी खात्रीच पटली, लग्न मोडलं. आणि बिघडलेला पाहुणा ताळ्यावर आणायचा आपल्याकडे एकच मार्ग आहे. आग्रह!

पहिली पुरणपोळी त्यांनी निमूटपणे संपवली. मी लगेच "ओता लिसॅ!" म्हणजे "घे अजून!" म्हणत दुसरी वाढली. तीही संपली. ताटात टाकायचं नाही, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. रिकामं ताट पाहुण्यासमोर दिसू द्यायचं नाही, हा आमच्या. दोन्ही घरं शिरस्त्याला पक्की! तूप वाढलं, मसालेभात वाढला, वर परत पोळी.

"एइ कीतोस," हेडमास्तर म्हणाले.

याचा अर्थ "नको, धन्यवाद." मला स्वच्छ कळला होता. पण नको कुणीही म्हणतं! पहिलं नको रीतीचं, दुसरं संकोचाचं. खरं नको यायला अजून अवकाश होता. मी पोळी वाढली.

"बाबा, ही सेड नो," माझी लेक म्हणाली.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," मी म्हणालो आणि तूप ओतलं.

"प्रसाद, पुरे," बायको. "दादा, प्लीज!" मीनल. पण मी थांबतोय कसला! हेडमास्तरांच्या कपाळावर घाम जमला. त्यांनी हळूच पट्टा एक भोक सैल केला. मला वाटलं, आता कुठे माणूस मोकळा होतोय. "ओता लिसॅ!"

हेडमास्तरांनी पोळी संपवली. काटा खाली ठेवला. मग युक्काकडे वळून ते चक्क एक लांबलचक वाक्य बोलले. आल्यापासूनचं पहिलंच! मीनलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. माझ्या हातातली पोळी हातातच.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

युक्का घुटमळला. "ते विचारतायत, आम्हा दोघांच्या लग्नाला ते आत्ता हो म्हणाले तर तू थांबशील का?"

"म्हणजे काय! थांबतो की!"

"योओ," हेडमास्तर म्हणाले. म्हणजे "हो." मीनल रडत हसायला लागली आणि युक्कानं माझ्या हातातली पोळी सावकाश काढून घेतली.

माझ्या फिनिशमुळे बहिणीचं लग्न जमलं, असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो. लग्नात जेवण वाढायला मात्र मला सक्त मनाई होती. खूप विनवण्या केल्यावर पाणी वाढायची परवानगी मिळाली, तीसुद्धा व्याह्यांचं टेबल सोडून!